योआखिम बोल्ट प्रकरण: ५९० रुग्ण वगळल्यावर उत्तर बदलले

डिसेंबर २००९मध्ये 'ॲनेस्थेशिया अँड ॲनाल्जेसिया' या भूलशास्त्राच्या जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचा एक अभ्यास छापून आला. विषय हृदयाच्या ऑपरेशनमधला होता. हार्ट-लंग मशिन रुग्णाला जोडण्याआधी तिच्या नळ्या आणि ऑक्सिजनेटर द्रवाने भरून आतली हवा पूर्ण काढावी लागते. याला प्राइमिंग म्हणतात. मशिन सुरू झाली की हा द्रव, मोठ्या माणसात साधारण लिटर-दीड लिटर, थेट रुग्णाच्या रक्तात मिसळतो. तो अल्ब्युमिनचा (रक्तातल्या एका प्रथिनाचा) असावा की हायड्रॉक्सीइथाइल स्टार्चचा, हा प्रश्न अभ्यासाने घेतला होता. उत्तर स्टार्चच्या बाजूने आले: दाह कमी, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा कमी, मूत्रपिंडाच्या नलिका जास्त सुरक्षित, रक्त गोठण्याची क्रियाही जास्त शाबूत. मुख्य लेखक योआखिम बोल्ट हे जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या मोठ्या रुग्णालयात भूल आणि अतिदक्षता विभागाचे प्रमुख होते.

पेपर वाचून काही जणांनी संपादक स्टीव्हन शेफर यांना पत्रे लिहिली. त्यांचा आक्षेप निष्कर्षावर नव्हता, आकड्यांवर होता. रुग्णारुग्णांत जितका फरक असायला हवा तितका त्या तक्त्यांत दिसत नव्हता.

या आक्षेपाचे वजन कळण्यासाठी एक साधे गणित करून बघावे. समजा, या मशिनवरच्या ऑपरेशननंतर एका गटातल्या २५ रुग्णांच्या रक्तातले दाहाचे एक द्रव्य मोजले आणि सरासरी २०० आली. प्रत्यक्षात अशा द्रव्याची पातळी कुणाची ६० असते, कुणाची ७००. मशिनवर किती वेळ गेला, साखर किती, आधीचा संसर्ग होता का, यावर ती हलते. आता तक्त्यात प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा पसारा, १५ लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ दोन तृतीयांश रुग्ण १८५ ते २१५च्या पट्ट्यात बसले. एखाद्या वेळी असे होऊ शकते. पण पाच वेगवेगळ्या वेळा, चार वेगवेगळी द्रव्ये, दोन्ही गट, आणि सगळीकडे तसाच अरुंद पट्टा असेल, तर ज्याने आयसीयूत रोज रिपोर्ट पाहिले आहेत त्याला ते खटकतेच. सांख्यिकीची पदवी नसली तरी खटकते. या प्रकरणाची पहिली ठिणगी वाचकांच्या याच सवयीतून पडली.

त्या पेपरचे महत्त्व समजायला स्टार्चची गोष्ट थोडी मागून पाहावी लागते. मक्याच्या किंवा बटाट्याच्या स्टार्चला हायड्रॉक्सीइथाइल गट जोडले की रक्तातले अमायलेज त्याला लगेच तोडू शकत नाही, आणि द्रव रक्तवाहिनीत जास्त वेळ टिकतो. बाटलीवर १३०/०.४ असे लिहिलेले असते. त्यातला पहिला आकडा सरासरी रेणूभार, १३० किलोडाल्टन. दुसरा म्हणजे ग्लुकोजच्या दर दहा एककांमागे सरासरी चार हायड्रॉक्सीइथाइल गट. सहा टक्के म्हणजे लिटरमागे ६० ग्रॅम स्टार्च. जुन्या पिढीचे २००/०.५सारखे द्रव जड होते. त्यांनी रक्तस्राव वाढतो, मूत्रपिंड बिघडतात, अंगाला महिनोन्‌महिने खाज सुटते हे माहीत होते. कारणेही बऱ्यापैकी उलगडलेली होती. रक्त गोठवणारे फॉन विलेब्रांड घटक आणि घटक ८ यांची पातळी उतरते, गुठळी बांधणारे फायब्रिनचे जाळे कच्चे विणले जाते, आणि मूत्रपिंडाच्या नलिकांमधल्या पेशी स्टार्च गिळून फुगतात. खाज सुटते ती त्वचेत साठलेल्या स्टार्चमुळे.

नवी पिढी, म्हणजे १३०/०.४, यातून सुटली आहे का, हाच तेव्हाचा कळीचा प्रश्न होता. अल्ब्युमिन महाग आणि रक्तदात्यांच्या प्लाझ्मावर अवलंबून. रिंगर लॅक्टेट हे क्षारांचे सलाईन स्वस्त, पण रक्तवाहिनीबाहेर झिरपते म्हणून एका बाटलीच्या जागी तीन लागतात अशी समजूत. स्टार्च या दोहोंच्या मधे चपखल बसत होते. रक्तस्राव वाढत नाही, रक्त चढवण्याची गरज वाढत नाही, मूत्रपिंडाला धक्का नाही, असे सांगणारे पेपर मोठ्या संख्येने एकाच गटातून येत होते, आणि तो गट बोल्ट यांचा होता.

त्यांच्या यादीचे स्वरूपही बोलके होते. बहुतेक अभ्यास एकाच केंद्रातले, लहान आणि दोन-तीन गटांचे. मोजलेल्या गोष्टी मुख्यतः रक्तातली द्रव्ये, गोठण्याच्या चाचण्या, लघवीतली सूक्ष्म प्रथिने. रुग्ण ९० दिवसांनी जिवंत होता का, त्याला डायलिसिस लागले का, हे ठरवू शकेल एवढ्या संख्येचा अभ्यास त्यांत नव्हता. असे वीस अभ्यास एकत्र केले तरी त्यांची चूक एकाच दिशेची असेल तर एकत्र करून ती धुतली जात नाही. उलट, मेटा-ॲनालिसिसमध्ये, म्हणजे अनेक अभ्यासांच्या एकत्रित हिशेबात, तिला भारदस्तपणा येतो. अशा यादीकडे पाहताना पेपर किती, हे मोजण्याआधी स्वतंत्र केंद्रे किती, हे मोजायला हवे होते. ते मोजले गेले नाही, ही माझ्या मते या शाखेची मोठी चूक.

शेफर यांनी मूळ आकडे मागितले आणि प्रकरण ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्याच्या डॉक्टरांच्या परिषदेकडे गेले. इथे जर्मनीतली एक व्यवस्था कामी आली. त्या राज्यात रुग्णालयांतल्या अभ्यासांना मंजुरी देणारी नैतिक समिती या राज्य परिषदेच्याच अखत्यारीत असते. त्यामुळे तपासाचे पहिले पाऊल अगदी कारकुनी होते: एका बाजूला छापलेले पेपर, दुसऱ्या बाजूला समितीचे आवक रजिस्टर. पेपरात 'नैतिक समितीची मंजुरी घेतली' हे वाक्य असेल तर रजिस्टरात त्या नावाचा, त्या सुमाराचा अर्ज असलाच पाहिजे. प्राइमिंगच्या पेपरचा असा अर्ज सापडला नाही. संमतीपत्रे नव्हती, रँडमायझेशनचा, म्हणजे रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे गटांत वाटल्याचा, पुरावा नव्हता. ऑक्टोबर २०१०मध्ये तो पेपर मागे घेतला गेला. नोव्हेंबरमध्ये रुग्णालयाने बोल्ट यांना काढले. फेब्रुवारी २०११मध्ये गीसेनच्या विद्यापीठाने त्यांची प्राध्यापकपदाची पदवी काढून घेतली.

मग परिषदेने १०२ अभ्यास तपासायला घेतले. त्यांपैकी ८८ अभ्यासांना मंजुरी असल्याचे दाखवता आले नाही, आणि मार्च २०११मध्ये संबंधित जर्नलांच्या संपादकांनी संयुक्त निवेदन काढून ते सगळे मागे घेत असल्याचे जाहीर केले. एकमेकांशी स्पर्धा करणारी जर्नले एका पानावर सह्या करतात, हे त्याआधी क्वचितच घडले होते.

इथे एक भेद नीट धरून ठेवायला हवा, कारण या प्रकरणावर बोलताना तो हमखास सुटतो. मंजुरी नव्हती म्हणजे आकडे बनावट होते, असे आपोआप सिद्ध होत नाही. रुग्णालयाच्या चौकशी समितीचा अहवाल ऑगस्ट २०१२मध्ये आला. तिने ९१ पेपर तपासले आणि १० पेपरांत खोटी माहिती छापली गेल्याचा निष्कर्ष काढला. म्हणजे ८८चा आकडा मंजुरीचा आहे आणि १०चा आकडा खोटेपणाचा. दोन्ही एकाच माणसाबद्दल असले तरी प्रश्न वेगळे आहेत. उरलेल्या पेपरांचे काय करायचे? माझे मत स्पष्ट आहे. रुग्णाची संमती न घेता, समितीला न विचारता त्याच्या रक्तवाहिनीत प्रायोगिक तुलनेतला द्रव सोडला असेल, तर तो आकडा खरा असला तरी वापरायचा नाही. आणि मूळ कागद मिळत नाहीत तोवर तो खरा आहे असे मानायलाही जागा नाही.

अशा चौकशीत मूळ कागद म्हणजे नेमके काय पाहतात, हे बाहेर फारसे माहीत नसते, म्हणून थोडे तपशिलात. ५० रुग्ण, प्रत्येकाचे पाच वेळा रक्त काढले, असा अभ्यास धरा. म्हणजे २५० नमुने, जे फिरवून, प्लाझ्मा वेगळा करून उणे ७० अंशांच्या फ्रीजरमध्ये गेले असणार. दाहाची द्रव्ये मोजण्याचे किट ९६ खळ्यांच्या प्लेटचे येते. त्यातले १६ खळे मानक द्रावणांना जातात. उरलेल्या ८०मध्ये प्रत्येक नमुना दुहेरी लावला तर एका प्लेटवर ४० नमुने बसतात. २५० नमुन्यांना ७ प्लेट, एका द्रव्यासाठी. चार द्रव्ये असतील तर २८. इतक्या किटची खरेदीची बिले कुठेतरी असतात, लॉट नंबर असतात, प्लेट वाचणाऱ्या मशिनमध्ये फाइली असतात. रक्तवायूच्या मशिनची स्वतःची स्मृती असते, तिच्यात रुग्ण क्रमांक आणि मिनिटांसह वेळ असते. अल्ब्युमिन प्लाझ्मापासून बनते, त्यामुळे कोणत्या बॅचची बाटली कोणत्या रुग्णाला गेली हे जर्मनीत कायद्यानेच नोंदवावे लागते. परफ्युजनिस्टच्या, म्हणजे हार्ट-लंग मशिन चालवणाऱ्याच्या, कागदावर प्राइमिंगचा द्रव आणि त्याचे मिलिलिटर हाताने लिहिलेले असतात. अभ्यास खरा झाला असेल तर तो या सहा-सात ठिकाणी आपोआप उमटतो, संशोधकाने जपून ठेवला नसला तरीही. सगळ्या ठिकाणी कोरे असेल तर 'संगणक बिघडला, फाइली गेल्या' या उत्तराला अर्थ राहत नाही.

आता रुग्णांच्या बाजूने काय बदलले ते पाहू. २०१३मध्ये झारिचान्स्की आणि सहकाऱ्यांनी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय जर्नलमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या स्टार्चच्या अभ्यासांची मेटा-ॲनालिसिस छापली. मृत्यूच्या हिशेबात १०,८८० रुग्ण होते. सगळे धरून मृत्यूचा सापेक्ष धोका (१ म्हणजे दोन्ही गटांत सारखाच) १.०७ निघाला आणि ९५ टक्के विश्वास-अंतर, म्हणजे खरा आकडा असण्याची शक्यता असलेला पट्टा, १.०० ते १.१४. खालचे टोक बरोबर १च्या रेषेवर. त्यातले बोल्ट यांचे ७ अभ्यास, ५९० रुग्ण, बाजूला काढल्यावर उरलेल्या १०,२९० रुग्णांत धोका १.०९ झाला आणि अंतर १.०२ ते १.१७. रेष ओलांडली गेली. एकूण रुग्णांच्या साडेपाच टक्क्यांहून कमी रुग्ण वजा केल्यावर 'कदाचित' होते त्याचे 'होय' झाले. निव्वळ फरक १.५१ टक्के, म्हणजे साधारण ६६ रुग्णांना स्टार्च दिले तर एक मृत्यू जास्त. त्याच विश्लेषणात डायलिसिसची गरज ३२ टक्क्यांनी वाढलेली दिसली.

या सात अभ्यासांबद्दलची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या वेळी ते मागे घेतलेले नव्हते. ते बोल्ट यांच्या आधीच्या काळातले होते, आणि लुडविग्सहाफेनची चौकशी १९९९नंतरच्या पेपरांपुरती होती. कागदोपत्री ते स्वच्छ होते. झारिचान्स्की यांच्या गटाने वेगळे करून दाखवले नसते तर ते हिशेबात तसेच राहिले असते.

दरम्यान मोठे अभ्यास आले होते. २००८मधल्या जर्मन व्हिसेप अभ्यासात सेप्सिसचे (संसर्ग अंगभर भिनलेले) ५३७ रुग्ण होते, जुन्या २००/०.५ स्टार्चच्या गटात ३४.९ टक्के रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, रिंगर लॅक्टेटच्या गटात २२.८ टक्के. नव्या पिढीला हे लागू नाही, असे म्हणायला तेव्हा वाव होता. २०१२मध्ये तो संपला. उत्तर युरोपातल्या सिक्स-एस अभ्यासात तीव्र सेप्सिसचे ७९८ रुग्ण, १३०/०.४२ स्टार्च विरुद्ध रिंगर ॲसिटेट: ९० दिवसांत ५१ टक्के विरुद्ध ४३ टक्के मृत्यू. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चेस्ट अभ्यासात ७,००० रुग्ण: मृत्यूंत ठोस फरक नाही, पण डायलिसिस ७ टक्के विरुद्ध ५.८ टक्के. 'एका स्टार्चला तीन सलाईन' हा हिशेबही या मोठ्या अभ्यासांत टिकला नाही. प्रत्यक्षात सलाईन थोडेच जास्त लागले. हे सगळे पुरावे अतिदक्षता विभागातल्या आजारी रुग्णांचे आहेत, हेही सांगायला हवे. ठरवून केलेल्या ऑपरेशनच्या रुग्णाबद्दल इतक्याच ठामपणे बोलता येत नाही, आणि बोल्ट यांचे काम मुख्यतः तिथलेच होते.

नियमांच्या पातळीवर हालचाल संथ झाली. ब्रिटनमधली ऑपरेशनच्या रुग्णांसाठीची द्रव-मार्गदर्शिका बोल्ट यांचे संदर्भ काढून २०११मध्ये सुधारावी लागली. २०१३मध्ये अमेरिकेत बाटलीवर मृत्यू आणि डायलिसिसच्या धोक्याचा चौकटीतला इशारा आला. युरोपने त्याच वर्षी सेप्सिस, भाजलेले आणि अत्यवस्थ रुग्ण यांच्यात वापर बंद केला. बंदी असूनही वापर चालू राहतो असे आढळल्यावर २०२२मध्ये बाजारातली परवानगीच स्थगित केली.

मागे घेतलेल्या पेपरांचे पुढे काय झाले, तो भाग निराश करणारा आहे. संयुक्त निवेदनाला दोन वर्षे झाली तरी त्या ८८ पेपरांपैकी सुमारे दहातला एक औपचारिकरीत्या मागे घेतलेलाच नव्हता. जे घेतले होते, त्यांतल्या कित्येकांच्या पीडीएफवर ठळक शिक्का नव्हता. कुणीतरी आधी उतरवून ठेवलेली फाइल तर कायमच स्वच्छ दिसते. बोल्ट यांच्या आधीच्या, गीसेनमधल्या काळातल्या पेपरांची चौकशी होऊन ते मागे घेतले जायला आणखी बरीच वर्षे गेली. आज बोल्ट यांच्या मागे घेतलेल्या पेपरांची संख्या २००च्या वर आहे आणि जगाच्या यादीत ते सगळ्यात वर आहेत. त्यांच्या खालोखाल ज्यांचे नाव येते ते जपानचे योशिताका फुजी, तेही भूलतज्ज्ञ. फुजी यांच्या १६८ अभ्यासांतले आकडे ब्रिटिश भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी २०१२मध्ये तपासले. दोन गटांची सुरुवातीची वये, वजने, उंच्या नशिबाने जितक्या जुळायला हव्यात त्याहून किती जास्त जुळतात, हे मोजण्याची त्यांची पद्धत आता काही जर्नले पेपर छापण्याआधीच लावतात.

कुणाची प्रकाशन-यादी तपासायची वेळ आली, मग ती प्रबंधासाठी असो, विभागाच्या प्रोटोकॉलसाठी असो की नेमणुकीसाठी, तर काम साधारण असे होते. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या सूचीवर लेखकाच्या नावाने शोधून 'रिट्रॅक्टेड पब्लिकेशन' या प्रकाराची गाळणी लावायची. नावाची आद्याक्षरे बदलून दोन-तीनदा शोधायचे, कारण एकच माणूस तीन तऱ्हांनी नोंदलेला असतो. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचचा साठा २०२३पासून क्रॉसरेफ या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात मागे घेतलेल्या संदर्भावर आपोआप लाल पट्टी येते. मग उरलेल्या यादीत वर्षवार अभ्यास आणि रुग्ण मोजायचे. वर्षाला ५० रुग्णांचे नऊ अभ्यास म्हणजे ४५० रुग्ण. पाचातले तीन संमती देतात असे धरले तरी ७५० पात्र रुग्णांना विचारावे लागेल. त्या विभागात तशी ऑपरेशने होतात का, हे रुग्णालयाच्या वार्षिक अहवालातून कळते.

त्यानंतर तक्ते. पूर्ण आकड्यांत नोंदवलेल्या गोष्टीची, उदाहरणार्थ वयाची, २५ जणांची सरासरी फक्त ०.०४च्या पटीत येऊ शकते. त्यामुळे ६७.३६ शक्य आहे, ६७.३५ शक्य नाही. २५ जणांच्या गटात ३८ टक्के पुरुष असूच शकत नाहीत; ३६ असतील किंवा ४०. अशी एखादी चूक छपाईची असते. एकाच लेखकाच्या पेपरामागून पेपरात ती सापडली तर थांबून मूळ आकडे मागायचे. एक पथ्य मात्र पाळायचे. यातून संशय तयार होतो, सिद्धता होत नाही. म्हणून पत्र संपादकाला जाते, समाजमाध्यमावर जात नाही.

आपल्याकडच्या एमडीच्या विद्यार्थ्याला यातला एक भाग सोपा झाला आहे. भारतात औषधांच्या चाचण्यांची सीटीआरआय या नोंदवहीत नोंद जून २००९पासून बंधनकारक झाली, आणि एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंदणी करावी लागते. त्यामुळे त्यानंतरचा भारतीय अभ्यास वाचताना नोंदणीची तारीख, ठरवलेली रुग्णसंख्या आणि मुख्य मोजमाप ही तीन खाती पेपराशी पाच मिनिटांत जुळवता येतात. मुख्य मोजमाप नोंदणीत 'डायलिसिस' आणि पेपरात 'लघवीतले प्रथिन' असेल, तर तो पेपर बाजूला ठेवावा.

नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाला सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, पाठवताना द्रवांच्या विषयावर जुन्या प्रबंधातली संदर्भयादी जशीच्या तशी उचलली जाते, तिथे मात्र धोका अजून तसाच आहे. २००५च्या आसपासच्या प्रबंधात स्टार्चवरचे पाच-सहा संदर्भ असतील तर त्यांत बोल्ट हे नाव असण्याची शक्यता मोठी. ते नाव दिसले की त्या वाक्यावर पेन्सिलने खूण करून एवढेच बघायचे: हा संदर्भ काढला तर हे वाक्य उभे राहते का?